कोकणात बोटीवर जाताय? आधी कॅलेंडरातली तिथी बघा

भोर/वेल्हे : सुगी आटोपली की भोर-वेल्ह्यातल्या गाड्या वरंध घाट उतरून कोकणाकडे वळतात. आता तिथं नुसता किनारा बघायचा नसतो. डॉल्फिन दाखवणारी बोट असते, वेळासला कासवांची पिल्लं असतात, खाडीत गळ टाकायला नेणारे नावाडीही भेटतात. पण आपण धरणाच्या काठावर वाढलेली माणसं. भाटघरचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. हे न कळल्यामुळेच घोटाळा होतो.

भरतीची वेळ कशी काढायची?

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ६ वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा अंदाज आहे, नक्की वेळ गावच्या नावाड्याला विचारावी.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. ओहोटीला खडकावर लांब गेलेली माणसं मग पाण्यात अडकतात, पुळणीवर नेलेली गाडी रुतून बसते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी.

काय, कुठं, कधी?

गळ टाकायला खाडी बरी. भरती चढू लागली की मासा आत शिरतो. जिताडा, तांबोशी इथलेच. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात पर्यटनाच्या बोटीही बंद असतात.

डॉल्फिनसाठी दापोली तालुक्यातलं मुरुड, कर्दे, हर्णै. सकाळी लवकर जावं, दुपारी वारा वाढतो. बोट डॉल्फिनच्या मागं पळवायला सांगू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं डॉल्फिन आणि कासव दोन्हींना संरक्षण आहे.

महाडवरून मंडणगडमार्गे वेळासला जाता येतं. तिथं २००२ पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी कासवांची अंडी राखू लागले. पूर्वी अंडी चोरीला जायची. आता फेब्रुवारी अखेर ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. पैसा गावातच राहतो. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः वल्हं मारून मांडवी खाडीतली कांदळवनं दाखवतात.

बोटीत बसण्याआधी

लाईफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय बसू नये. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. बोटीला सागरी मंडळाचा परवाना आहे का, किती माणसांचा आहे, हे विचारावं. पोहायला येतं म्हणून जॅकेट नको, असं म्हणू नये. वाटेत महाडजवळ सावित्री नदीत मगरी आहेत, तिथं पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवतात, निघण्याआधी प्रशासनाचा आदेश बघावा.

आपल्याकडं जमेल का?

आपल्याच जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर मच्छीमार बोटीतून रोहित पक्षी दाखवून कमाई करतात. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेतच्या काठच्या तरुणांनाही पाण्याची आणि पाखरांची माहिती आहेच. मात्र धरणात बोट चालवायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडं असेल तिच्याशी बोलावं लागतं. आपल्या फुगवट्यातही बुडून जीव गेलेत. म्हणून परवानगी आणि जॅकेट आधी, पाहुणे नंतर.