ही नक्षी कुणी काढली?

सिलिकॉनचा एक चौकोन. बाजू २.८ मायक्रॉन; मिलिमीटरभर लांबीत असे साडेतीनशे चौकोन ओळीने बसतील. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वेड्यावाकड्या भोकांनी पोखरलेला दिसतो, सरळ रेष शोधूनही सापडत नाही. पण एका टोकाने आलेला १३०० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश तो बिनचूक वेगवेगळ्या वाटांना लावतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात येलेना वुचकोविच यांच्या गटाने २०१५ साली तो बनवून दाखवला. त्याची नक्षी मात्र कुणा माणसाने काढलेली नव्हती.

प्रकाशाच्या चिपवर तारांऐवजी सिलिकॉनच्या पट्ट्या असतात, सुमारे अर्धा मायक्रॉन रुंद. सिलिकॉनचा अपवर्तनांक साधारण ३.५ आणि भोवतालच्या काचेचा १.४५, त्यामुळे प्रकाश पट्टी सोडून जात नाही. पूर्वी अभियंते ओळखीचेच आकार घ्यायचे, कडी किंवा दुभागणारी वाट, आणि त्यांची चार-पाच मापं कमीजास्त करत बसायचे. काम व्हायचं, पण जागा फार लागायची.

नव्या पद्धतीत सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी हवा तो परिणाम ठरवायचा, आकार मागून शोधायचा. मिरजेचा सतार-तंबोऱ्याचा कारागीर जवारी काढतो, म्हणजे तारेचा नाद जुळवतो, तेव्हा घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कसा नाद हवा हे कानाला आधीच ठाऊक असतं, घोडीचा उतार मागून ठरत जातो. संगणकही हेच करतो. फरक एवढाच की त्याला एका फेरीत हजारो ठिकाणी कानस चालवायची असते. कुठे किती घासायचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासू म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. इथे एक सुंदर युक्ती आहे. एकदा प्रकाश आत सोडून गणित करायचं, एकदा बाहेरच्या टोकाकडून उलटा सोडून. ठिकाणं शंभर असोत की दहा हजार, दोन गणितांत सगळ्यांचा हिशेब निघतो. न्यूरल नेटवर्क चुकांतून शिकतं ते याच जातीच्या गणितावर.

पण प्रकाशाचं वागणं सांगणारी मॅक्सवेलची समीकरणं प्रत्येक फेरीत सोडवायची म्हणजे वेळ जातोच. म्हणून सोडवलेली हजारो उदाहरणं नेटवर्कला दाखवायची आणि पुढचा अंदाज त्याच्याकडून क्षणात घ्यायचा. एमआयटीच्या गटाने २०१८ मध्ये थरांच्या नॅनोकणांवर हे करून दाखवलं. उलटा प्रश्न, म्हणजे असा प्रकाश हवा तर आकार कोणता, हे विचारलं की मात्र घोळ होतो. तोच प्रकाश दोन अगदी निराळ्या आकारांतून मिळू शकतो. नेटवर्क बिचारं दोन्ही बरोबर उत्तरांची सरासरी काढतं आणि तिसराच, निरुपयोगी आकार हातात ठेवतं. त्यावर तोड अशी निघाली की आकार सुचवणाऱ्या नेटवर्कच्या पुढे आकारावरून प्रकाशाचा अंदाज सांगणारं दुसरं, आधीच शिकलेलं नेटवर्क जोडायचं. मग आकार पुस्तकातल्यासारखा आला का, हे कुणी विचारत नाही. प्रकाश हवा तसा आला की झालं. मला या साऱ्या खटाटोपात हाच भाग सर्वात शहाणपणाचा वाटतो.

‘एआयने चिप बनवली’ असे मथळे वाचून हुरळून जाऊ नये. स्टॅनफर्डच्या त्या चौकोनात सुमारे २ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडा अधिक प्रकाश वाया जातो. शिवाय संगणक बेधडक इतकी बारीक भोकं सुचवतो की ती कोरताच येत नाहीत.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातल्या किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतल्या विद्यार्थ्याला यातलं गणित आज करता येईल. एमआयटीत जन्मलेलं ‘मीप’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि ती दोन गणितांची युक्तीही त्यात आहे. घोडं अडतं ते कोरून घेताना: त्यासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था किंवा आयआयटी मद्रास अशा ठिकाणी जावं लागतं, आणि तिथे खर्च आहे, रांग आहे. तेव्हा नक्षीच्या नादी लागण्याआधी तिथे किती बारीक कोरून मिळतं, ते विचारून घ्यावं. किमान रुंदीची ती अट मीपमध्ये आधीच घालता येते.