बोली कमी, जागा वरची

समजा, खालापूर तालुक्यातल्या लोधिवलीत जुन्या मुंबई-पुणे हायवेपासून थोडं आत एक फार्महाऊस आहे आणि मालकाने गूगलवर जाहिरात दिली आहे. ठाण्यात कुणी ‘कर्जत खालापूर फार्महाऊस’ असं शोधलं, की निकाल दिसायच्या आत एक लिलाव उरकलेला असतो. सर्वांत मोठी बोली लावेल तो वर, असं आपण धरून चालतो. १९९८ साली गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने असे लिलाव सुरू केले तेव्हा होतंही तसंच. गूगलने २००२मध्ये मात्र जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात, हेही हिशेबात धरलं. यात गुणांची कदर वगैरे काही नाही. पैसे क्लिक झाल्यावरच मिळतात. क्लिकच होणार नसेल तर शंभराची बोली काय चाटायची?

म्हणून जागा ठरते ती बोली आणि जाहिरातीचा दर्जा यांच्या गुणाकारावर. आकडे माझ्या मनचे, हिशेबही सोपा केलेला. लोधिवलीकराची बोली १० रुपये, दर्जा ८, गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली २०, दर्जा ३, म्हणजे ६०. तिसऱ्याची ९, दर्जा ५, म्हणजे ४५. लोधिवलीकर पहिला. शिवाय त्याला पूर्ण १० भरावे लागत नाहीत. खालच्याचे ६० गाठण्यापुरते, ६० भागिले ८, साडेसात रुपये पुरतात. दुसऱ्याला मात्र ४५ भागिले ३, म्हणजे १५ रुपये पडतात. दुप्पट पैसे मोजून तो खालीच! आणि किमान पातळी गाठली नाही, तर जागा रिकामी असूनही जाहिरात दिसत नाही.

दर्जात तीन गोष्टी येतात: क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी जाहिरातीचा मेळ आणि क्लिकनंतर उघडणारं पान. त्या पानावर खोल्या, दर, रस्ता हवा. नुसतं ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहून भागत नाही. जाहिरातदाराच्या खात्यात १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो, पण लिलावात तो आकडा थेट वापरत नाहीत. दुखणं कुठे आहे, एवढंच त्यावरून कळतं.

लोधिवलीची गंमत वेगळीच. इथे धीरूभाई अंबानी हॉस्पिटल आहे, म्हणून गावाचं नाव टाकणाऱ्या कित्येकांना डॉक्टर हवा असतो, स्विमिंग पूल नव्हे. मालकाने नुसता ‘लोधिवली’ हा कीवर्ड घेतला, तर पेशंटच्या नातेवाइकांपुढेही त्याची जाहिरात येणार. ते बघणार नाहीत, आणि घाईत बोट लागलंच तर पैसे मालकाचे जाणार. ‘हॉस्पिटल’, ‘डॉक्टर’, ‘ओपीडी’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात नको त्यांच्या, यादीत टाकायला पाच मिनिटं लागतात.