तांब्याचा एक सेंट

सुरुवातीलाच सॉरी म्हणते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच. पण संपादक मैत्रिणीने पिच्छाच पुरवला, म्हणून हे धाडस!

फर्स्ट इयरला असताना न्यू जर्सीच्या मामाने मला १८०२ चा अमेरिकन सेंट दिला. सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग, पण हा आपल्या दहाच्या नाण्यापेक्षा मोठा, तांब्याचा आणि जवळजवळ ११ ग्रॅमचा. असे 'लार्ज सेंट' आणि त्यांचे धाकटे भाऊ 'हाफ सेंट' फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ पासून १८५७ पर्यंत पाडत. पुढे ते परवडेनात, म्हणून बंद झाले.

माझा सेंट छान चॉकलेटी होता. आजीने पाहिला, "काय गं हे कळकट!" म्हणाली आणि देवाच्या ताम्हणाबरोबर चिंच-मीठ लावून लख्ख घासला. मीही खूश! मामाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच फोन, "अगं, वाट लावलीत की त्याची!" तो चॉकलेटी रंग म्हणजे दोनशे वर्षांत जमलेला ऑक्साईडचा थर. चिंचेतल्या ॲसिडने तो विरघळतो, घासल्याने बारीक चरे पडतात. जुनं तांबं जमवणारे आधी हा रंगच बघतात. गुलाबी चकचकीत झालेल्या माझ्या सेंटची किंमत एका दुपारीत घसरली.

मग अपराधी वाटून मी वाचायला लागले. आणि मित्रांनो, खरी गंमत तिथे आहे.

वर्कशॉपमध्ये जॉबवर आपण नंबर पंचने रोल नंबर ठोकतो ना? माझा ७ कायम तिरका. तेव्हाच्या डायवरही बरीच अक्षरं आणि आकडे असेच एकेक पंच ठोकून, तेही उलटे, उमटवत. डाय तडकला की नवा बनवायचा, आणि तो आधीच्यासारखा हुबेहूब होणं शक्यच नाही. त्यामुळे एकाच वर्षाच्या सेंटच्या कितीतरी व्हरायटी सापडतात. मागच्या बाजूला खाली १/१०० असा अपूर्णांक असे. १८०१ च्या एका डायवर कारागिराने १/००० ठोकलं. वन अपॉन झिरो! त्याच डायवर UNITED मधला U चुकून दोन I सारखा दिसतो, आणि पानांच्या माळेचा एक देठच गायब. अशी चुकलेली नाणी लोक मुद्दाम शोधतात.

या व्हरायटींना नंबर दिले विल्यम शेल्डन याने, १९४९ च्या आपल्या पुस्तकात. पेशाने मानसशास्त्रज्ञ. नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० मार्क देण्याची पद्धतही त्याचीच, आणि आज सगळ्याच अमेरिकन नाण्यांना ती वापरतात. पण हाच माणूस अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी आपले हलके सेंट ठेवत होता! हे उघड झालं ते तो गेल्यावर. मला तरी वाचून धक्काच बसला.

आणखी एक. १८०० च्या सुमारास ही टांकसाळ तांब्याच्या कोऱ्या चकत्या इंग्लंडहून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडूनही मागवायची. बोल्टन म्हणजे वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा पार्टनर. ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई इलाख्यासाठीची १७९१ ची तराजूवाली तांब्याची नाणी त्याच्याच कारखान्यात पाडलेली! १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध सुरू झालं, चकत्या येईनात, साठा संपला. म्हणून १८१५ सालचा सेंट मिळतच नाही. कोणी विकायला आणला तर समजायचं, आकडा कोरलेला आहे.

कोणाला नाद लागलाच तर नाणं कडेने धरा, बोट लावू नका, घामाचा ठसा पुढे काळा पडतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर मुळीच नको, त्यातून निघणाऱ्या ॲसिडने तांब्यावर हिरवा चिकट थर येतो. सुती अस्तराची पिशवी, वर कागदी पाकीट आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल.

घासलं तरी अक्षरांच्या जागा बदलत नाहीत, त्यामुळे माझ्या सेंटची व्हरायटी अजून ओळखता येईल. रोज रात्री भिंग घेऊन फोटोंशी ताडून बघते. आजीचं मत मात्र ठाम आहे, की आता कुठे तो पैशासारखा दिसतोय.