गुर्बचं सामायिक जाळं

गुर्ब हे कातालोनियातलं शेतीचं गाव. बार्सिलोनाच्या उत्तरेला, ओसोना परगण्यात, विक शहराला लागून. वस्ती एके ठिकाणी नाही. शेतात विखुरलेली घरं, मधे पिकं आणि कुरणं. २००४च्या सुमारास शहरांत ब्रॉडबँड पोहोचलं होतं, पण अशा विरळ घरांपर्यंत तार ओढणं दूरसंचार कंपन्यांना परवडत नव्हतं. गुर्बचे रहिवासी रामोन रोका ओरॅकल कंपनीत नोकरीला होते. दूरसंचार कंपनीची वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी बाजारात मिळणारी वायफायची साधनं आणली आणि एका छपरावरून दुसऱ्या छपरावर दुवा जोडला. शेजारपाजारचे पुढे आले, त्यांच्या छपरांवरही अँटेना चढले. ‘गिफी डॉट नेट’ हे जाळं असं सुरू झालं. आज त्यात ३५ हजारांहून अधिक जोडबिंदू आहेत आणि जगातल्या सर्वांत मोठ्या सामुदायिक जाळ्यांत त्याची गणना होते.

तंत्र अवघड नाही. दोन अँटेनांना एकमेकांचं तोंड दिसायला हवं. मधे टेकडी किंवा उंच झाडं आली की दुवा जुळत नाही. नव्यानं येणारा माणूस गिफीच्या नकाशावर आपलं छप्पर नोंदवतो. जमिनीच्या उंचसखलपणावरून जवळचा कोणता बिंदू सरळ रेषेत दिसेल हे तिथेच कळतं, नेटवर्कचा पत्ता नेमून मिळतो आणि राउटरमध्ये भरायची मांडणीही तयार होऊन हाती येते. या सोयीचं नाव उन्सोलक्लिक, म्हणजे एका क्लिकचं काम. ज्या छपरावरून अनेक दिशांना दुवे फुटतात, तो सुपरनोड.

सुपरनोड बंद पडला की त्याच्यामागची सगळी घरं अंधारात. मग शिडी लावून वर कोण चढणार? जळालेल्या राउटरचे पैसे कोण देणार? सामुदायिक जाळी बहुतेक ठिकाणी मरतात ती याच प्रश्नावर, आणि गिफीचं खरं कर्तृत्वही इथेच आहे. उत्साही मंडळी थकतात, गाव सोडतात, संसारात अडकतात. हे गृहीत धरूनच गिफीनं नियम बांधले.

पहिला नियम मालकीचा. ज्यानं जे साधन घेतलं ते त्याचंच राहतं, पण जाळ्याला जोडताना तो एक करार मान्य करतो. इतरांना त्रास न देता हे जाळं कुणीही, कुठल्याही कामासाठी वापरू शकतो. ते कसं बांधलंय हे जाणून घेऊ शकतो. आणि याच अटींवर पुढे वाढवूही शकतो. मधल्या कुणाला दार बंद करता येत नाही. २००८ साली एक प्रतिष्ठान स्थापन झालं. दूरसंचार नियामकाकडे त्याची नोंद झाल्यामुळे नगरपालिका आणि मोठ्या कंपन्यांशी बोलणी करायला कायदेशीर तोंड मिळालं.

दुसरा नियम पैशाचा, आणि तो जास्त धाडसी. जाळं सामायिक असलं तरी त्यावर धंदा करायला बंदी नाही. गावोगावचे छोटे व्यावसायिक या जाळ्यावरून घरांना इंटरनेट पुरवतात, महिन्याची वर्गणी घेतात, बिघाड झाला की माणूस पाठवतात. कुणी जाळ्यात किती गुंतवणूक केली आणि कुणी त्यातून किती वापर घेतला, याचा हिशेब प्रतिष्ठान मांडतं. वापर जास्त आणि गुंतवणूक कमी असेल तर भरणा करायचा. उलट असेल तर परतावा मिळतो. स्वयंसेवकांच्या चळवळीत नफ्याला जागा देणं अनेकांना रुचणार नाही. पण केवळ सद्भावनेवर इतकी वर्षं, इतक्या गावांत हे जाळं जिवंत राहिलं असतं असं वाटत नाही.

या जाळ्यासाठी २००९पासून गुर्बमध्ये फायबरही पडू लागलं. कंपनी शहरातून घरापर्यंत तार आणते. इथे शेतकऱ्यांनी आपल्या शेतातून ती सुरू केली आणि योजनेचं नावही ‘शेतातून फायबर’ असंच ठेवलं. २०१५ साली युरोपीय आयोगाच्या ब्रॉडबँड पुरस्कारांत गिफीला अर्थपुरवठ्याच्या अभिनव पद्धतीबद्दल गौरवण्यात आलं.

मराठी वाचकाला सामायिक मालकीची ही रीत परकी वाटायचं कारण नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत आठवावी. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, जमीन ज्याची त्याची. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकऱ्यांकडून, आणि पाटातला गाळ काढायला सगळ्यांचे हात. पाणी कमी असेल त्या साली किती फड भिजवायचे हे मिळून ठरायचं. गिफीवर लिहिणाऱ्या संशोधकांनी सामायिक साधनसंपत्तीच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा आधार घेतला आहे. आणि ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात गावकऱ्यांनी चालवलेल्या पाटबंधाऱ्यांना मोठं स्थान आहे.

इंटरनेटसाठीही महाराष्ट्रात असा एक प्रयोग झाला. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या पुढाकारानं ‘ग्राममार्ग’ प्रकल्प उभा राहिला. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणारी ‘भारतनेट’ ही सरकारी योजना. पण पंचायतीपासून पाड्यापर्यंतचं अंतर कसं कापायचं? पालघर परिसरात खामलोलीसारख्या गावांमध्ये दूरदर्शन प्रक्षेपणाच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरी वापरून पाहण्यात आल्या. या लहरी झाडीतून आणि चढउतारावरून वायफायपेक्षा बऱ्या पोहोचतात. पुढे विनापरवाना वापरता येणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर काम पंचवीसेक गावांपर्यंत वाढलं. पंचायत, गावातला उद्योजक आणि बाहेरचा गुंतवणूकदार यांनी मिळून ते चालवावं अशी मांडणी होती. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत ग्राममार्गला सव्वा लाख डॉलरचं पहिलं पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे कायद्याची अडचण मोठी होती. इंटरनेट विकायचं तर परवाना लागे, आणि तो घेणं गावातल्या किराणा दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचं. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली आणि दुकानदाराला परवान्याशिवाय, शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय देण्याची मुभा मिळाली. हे पाऊल योग्यच. पण दुकानात वायफाय देणारा दुकानदार आणि जाळ्याचं मालक असलेलं गाव यांत फरक आहे. गुर्बमध्ये निर्णय गावकऱ्यांच्या हाती राहिला, कारण तारेबरोबर त्यांनी करारही स्वतः लिहिला.

भारतनेटची तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेली आणि तिथली जोडणीची पेटी बंद पडलेली असेल, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. दुरुस्ती कुणी करायची, पैसे कुठून येणार आणि शेवटच्या पाड्याला जोड कधी मिळणार, हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावेत. अँटेना विकत घेण्याचं काम त्यानंतरचं.