गाडीची टकटक आणि घराचा हिशेब

आमच्या धाकटीला गाडी लागते, असं आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. साताऱ्याहून वाईला माझ्या माहेरी जायचं म्हटलं की पर्समध्ये आवळासुपारी, लिंबू आणि एक रिकामी पिशवी तयार. पण यंदाच्या थंडीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पोरीला उलटी व्हायची नाही, नुसतं डोकं दुखायचं. आजीच्या अंगणात जरा खेळली की पाऊण तासात पुन्हा ताजीतवानी! मागच्या सीटवर सासूबाईही हल्ली फार पेंगत होत्या. थंडी म्हणून काचा बंद, आणि गाडीत कसलासा जळका वास. हे म्हणाले, "जुनी गाडी आहे, वास यायचाच."

त्याच सुमारास सकाळी गाडी सुरू केली की पुढून टकटक असा आवाज येऊ लागला होता. दहा मिनिटांत गाडी तापली की आवाज गायब. मिस्त्रींना दाखवलं तर त्यांनी बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या अंगावरची काजळीची काळी रेघ दाखवली. "वहिनी, मॅनिफोल्डला चीर गेलीय."

मैत्रिणींनो, मलाही हा शब्द नवाच होता. इंजिनात जेवढे सिलिंडर, तेवढ्या तोंडांतून जळका धूर बाहेर पडतो. ही सगळी तोंडं एका नळीत आणून धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. आमच्या गाडीचा बिडाचा आहे, आपल्या घावनाच्या तव्यासारखा. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथे तर रोज शेकडो अंशांपर्यंत तापणं आणि पुन्हा गार होणं. त्यात एखादा नट ढिला झाला किंवा आधाराची पट्टी निघाली, की ताण पडून चीर जाते. धातू तापून फुगला की चीर मिटते, म्हणून आवाज थांबतो. दुखणं मात्र तसंच राहतं.

आमची चूक

पहिल्यांदा आम्ही स्वस्तात सुटायला गेलो. रस्त्यावरच्या एकाने दोनशे रुपयांत चिरेवर लांबी भरून दिली. आवाज बंद, हे खूश! आठच दिवसांत लांबी पापुद्र्यासारखी निघाली आणि चीर बोटभर पुढे सरकलेली दिसली. त्या आठ दिवसांत आम्ही निर्धास्तपणे काचा लावून दोनदा वाईला गेलो होतो. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा, म्हणून वास नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच समजू नका. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचा किंवा कोंदट न्हाणीघरात गॅस गीझर लावणाऱ्यांचा घात करतो, तो हाच. बॉनेटखाली साठलेला धूर हवा आत घेणाऱ्या जाळीतून, फटींतून गाडीत शिरतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. अशा वेळी ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना गाठा. करोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र इथे फसवतं. ते आकडा चांगलाच दाखवू शकतं.

तीन वाटा

पहिली वाट नव्या भागाची. वर्कशॉपने मजुरीसकट ११,५०० रुपये सांगितले. माझ्या अर्धवेळ शिकवण्याच्या महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त!

दुसरी वेल्डिंगची. खर्च दीड हजार, पण हमी नाही. बीड ठिसूळ असतं. एकाच जागी तापवलं की शेजारी नवी चीर जाते. जाणता कारागीर चिरेच्या टोकांना बारीक भोकं पाडतो, सगळा भाग आधी तापवून घेतो, निकेलची कांडी वापरतो आणि मग तो राखेत पुरून हळूहळू गार होऊ देतो. ज्या गाडीचा भाग कुठेच मिळत नाही, तिला हीच वाट. आमच्या मिस्त्रींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "हे माझ्या हातचं काम नाही."

तिसरी वाट जुन्या सुट्या भागांच्या दुकानाची. मीच बरोबर गेले. भागावरचा नंबर जुळवला आणि माठ घेताना वाजवतो तसा भाग टांगून पान्याने हलकेच वाजवला. खणखणीत नाद आला तर चांगला, बद्द आवाज आला तर चीर. पहिले दोन बद्द निघाले, तिसरा खणकला. तोंडाची बाजू सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का तेही पाहिलं. (काही गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर याच भागाला जोडलेला असतो. त्यात महागडे धातू असतात, म्हणून आतून पोकळ केलेला माल गळ्यात पडत नाही ना, ते बघा.)

माझ्या वहीतला हिशेब

जुना मॅनिफोल्ड – २,२०० रुपये
नवं पॅकिंग, स्टड, नट – ६५० रुपये
लेथवर तोंड सपाट करणं – ४०० रुपये
मजुरी – १,८०० रुपये
एकूण – ५,०५० रुपये

पॅकिंग मात्र नवंच घ्या. कुकरची रिंग चेपली की आपण बदलतो ना, तसंच हे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडायला सांगा. घाईत स्टड तुटला तर तो काढण्याची मजुरी वाढते. नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि गाडी थोडी चालली की गार इंजिनावर पुन्हा तपासायचे.

शेवटी मिस्त्रींनी गार इंजिनावर साबणाचं पाणी शिंपडलं आणि सायलेन्सरच्या तोंडातून हलकी हवा सोडली. सिलिंडरचा रेग्युलेटर आपण तपासतो ना, अगदी तस्सं! एकही बुडबुडा नाही. मगच मी पैसे मोजले.

या कामाला आठवडा लागला. तोवर गाडी दारात उभी होती आणि आम्ही एस.टी.ने वाईला गेलो. नुसत्या काचा उघड्या ठेवून भागत नाही, हे आता ह्यांनाही पटलं होतं.

काटकसर मला आवडते. जुना भाग घेऊन साडेसहा हजारांच्या जवळपास वाचवले, याचा आनंद आहे. पण खरी उधळपट्टी झाली ती त्या दोनशे रुपयांची, कारण त्यांनी आवाज तेवढा मिटवला आणि आम्हाला बेसावध केलं.

परवा पुन्हा वाईला जाऊन आलो. धाकटीने वाटेत दोन भेंड्या जिंकल्या. आवळासुपारीची डबी पर्समध्ये तशीच राहिली. ती सासूबाईंनी संपवली.