भिंतीआडून लागलेली गोळी

तुमच्यापैकी काहींना हा अनुभव आला असेल. तुम्ही नांदेडला, मावसभाऊ लातूरला; दोघे एकाच तुकडीतून मोबाइलवर लढाईचा खेळ खेळत आहात. शत्रू दिसताच तुम्ही चटकन भिंतीआड जाता. ‘सुटलो बुवा!’ म्हणेपर्यंत गोळी लागतेच. ‘समोरच्याने लबाडी केली,’ तुम्ही रागाने म्हणता. मावसभाऊ म्हणतो, ‘अरे, पण तू तर भिंतीबाहेरच होतास!’ मग खरे कोणाचे? गंमत अशी, की दोघांचेही खरे असू शकते. कसे ते पाहू या.

प्रथम एकट्याने खेळायचा खेळ घ्या. यात सोबती आणि शत्रू संगणकच चालवतो. त्यांना ‘बॉट’ म्हणतात. बॉटला साधे नियम दिलेले असतात: शत्रू दिसला नाही तर गस्त घाल, दिसला तर नेम धर, जखमी झालास तर आडोसा शोध. आडोशाची जवळची वाट तो गणिताने काढतो. अशा गणिताची ‘ए-स्टार’ ही प्रसिद्ध रीत हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी १९६८ मध्ये मांडली. ती खेळासाठी नव्हती. ‘शेकी’ नावाच्या फिरत्या यंत्रमानवाच्या कामातून ती पुढे आली. एकट्याच्या खेळात हे सारे एकाच यंत्रात घडते. म्हणून तेथे वरील वाद उद्भवत नाही.

ऑनलाइन खेळात मात्र प्रत्येकाचे यंत्र वेगळे. निवाड्याला मध्ये एक पंच हवा. तो म्हणजे सर्व्हर. समजा, तो मुंबईत आहे. सरळ रेषेत मुंबई नांदेडपासून सुमारे ४६५ आणि लातूरपासून सुमारे ३९५ किलोमीटर आहे. म्हणजे नांदेड-लातूर अंतर जेमतेम ११५ किलोमीटर असले, तरी तुमची हालचाल मावसभावाला कळण्यासाठी संदेशाला ८६० किलोमीटर जावे लागते! काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. भागाकार करा. उत्तर येते ४.३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी सव्वाचार.

हे तर काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसतात, वाटेत संदेश ठिकठिकाणी थांबून पुढे जातो, आणि मोबाइलच्या मनोऱ्यावर गर्दी असली की त्यालाही रांगेत उभे राहावे लागते. त्यामुळे विलंब १०० मिलिसेकंदांपर्यंतही जाऊ शकतो. सेकंदाला ६ मीटर धावणारा गडी तेवढ्यात ६० सेंटीमीटर पुढे सरकतो. भिंतीबाहेरून भिंतीआड जायला एवढे पुरे! तुमच्या पडद्यावर तुम्ही आत, इतरांच्या पडद्यावर अजून बाहेर.

मग पंचाने काय करावे? पुष्कळ खेळांत सर्व्हर घड्याळाचे काटे जरा मागे फिरवतो आणि गोळी झाडली त्या क्षणी नेमबाजाला काय दिसत होते, ते तपासतो. नेम बरोबर असेल तर गोळी लागली असे धरतो. याहन बर्नियर या अभियंत्याने २००१ मध्ये ही रीत सविस्तर वर्णिली. असे केले नाही, तर समोर दिसणाऱ्या गड्यावर अचूक नेम धरूनही गोळी वाया जाईल. केले, तर लपणाऱ्याला अन्याय वाटेल. विलंब पूर्ण नाहीसा करता येत नाही. त्याचा भार कोणी सोसायचा, एवढेच ठरवता येते.

आता एक प्रयोग करा. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा. तुमची बोटे शून्याच्या खुणेजवळ, पण पट्टीला न लावता ठेवा. न सांगता त्याने ती सोडली की पकडा. २० सेंटीमीटरवर पकडलीत, तर डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत सुमारे २०० मिलिसेकंद गेले. म्हणजे हा विलंब जालातल्या त्या १०० मिलिसेकंदांच्या दुप्पट झाला!

तेव्हा पुढच्या वेळी भिंतीआडून गोळी लागली, तर कोणाला लबाड म्हणण्यापूर्वी जरा गणित करून पाहा.