लक्ष्मीबाईंच्या घरातली शांती

श्रद्धा वाढावी, मन थाऱ्यावर राहावं, घर एकत्र राहावं म्हणून पुस्तक शोधणाऱ्या ख्रिस्ती वाचकाच्या हाती आज बहुधा परदेशी पुस्तकांची भाषांतरं पडतात. त्यांतली काही चांगलीही आहेत. पण सकाळी कात्रपहून रिक्षानं बदलापूर स्टेशन गाठणारा, दीड तास गर्दीत उभा राहून सीएसएमटीला पोचणारा आणि रात्री परततो तेव्हा मुलं झोपलेली असतात असा माणूस त्या पुस्तकांतल्या घरात स्वतःला शोधत राहतो. आपल्या भाषेत त्याच्या जवळची पुस्तकं आहेत. त्याला मी सर्वांत आधी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ देईन.

या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली आला. मराठीतलं थोर पुस्तक म्हणून सगळे त्याला मान देतात, पण संसारावरचं ख्रिस्ती पुस्तक म्हणून ते फार कमी घरांत वाचलं जातं, याची मला खंत वाटते. लक्ष्मीबाईंच्या पतीला, नारायण वामन टिळकांना, रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्यात वाढलेल्या, पदरी लहानगा दत्तू. त्यांच्यावर आकाशच कोसळलं. काही वर्षं नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळूनच. मग हळूहळू, स्वतःशी वाद घालत, त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षं मला फार मोलाची वाटतात. पती एका वाटेवर, पत्नी दुसऱ्या. घरात प्रार्थनाही आहे आणि रुसवाही. आपल्या मंडळीतही अशी घरं असतात. एकजण दर रविवारी भक्तीला जातो, दुसऱ्याचं मन अजून तयार नसतं, आणि नातेवाईक घाई करतात. लक्ष्मीबाई ही घाई करत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, पैसा हाती न टिकणं, न सांगता पाहुणे घरी आणणं, सगळं त्या मोकळेपणानं लिहितात. त्या भांडतात, हसतात, रडतात. आणि त्याच घरात अनाथ मुलं वाढतात, बालकवींसारखा कवी आपल्या हक्काचं माणूस मिळाल्यासारखा राहतो. त्यांची श्रद्धा स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी, रिकाम्या डब्यांसमोर दिसते. १९१९ मध्ये टिळक गेले. पुढे त्या मुलाच्या कुटुंबासोबत कराचीत राहिल्या.

मनःशांतीसाठी मी पंडिता रमाबाईंकडे वळतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण मनाला खरा विसावा मिळायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली, हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत स्वतः सांगितलं आहे. धर्म हाती आला होता, ख्रिस्त भेटायचा होता, असा त्याचा आशय. मोठ्या नावाची बाई हे कबूल करते तेव्हा प्रार्थना करूनही रात्री डोळा न लागणाऱ्या माणसाला आधार वाटतो. आईवडील दुष्काळात गेले, पती लवकर गेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं त्यांचं काम चालूच राहिलं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पूर्ण झालं.

शांतीसाठी वाचायचं म्हटलं की पुष्कळजण स्तोत्रसंहितेतली फक्त गोड स्तोत्रं निवडतात. माझं सांगणं, तक्रारीची स्तोत्रंही वाचा. १५० स्तोत्रांत विलापांची संख्या मोठी आहे, आणि ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रानं ते तसंच ठेवलं आहे. मात्र झोप, भूक, काम यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल तर पुस्तक पुरेसं नाही. डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, हे पाळकांनीही व्यासपीठावरून बोलावं असं मला मनापासून वाटतं.

तरुण मुलांसाठी, किंवा घरात आलेल्या ख्रिस्ती नसलेल्या सुनेसाठी, जावयासाठी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्यावं. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. बायबलच्या मागचा इतिहास आणि संस्कृती त्यांनी मराठी वाचकाला समजेल अशी उलगडली आहे.

आणि सगळ्या घरानं मिळून वाचायचं असेल तर ‘ख्रिस्तायन’. येशूचं हे ओवीबद्ध चरित्र टिळकांनी सुरू केलं, पण जेमतेम साडेदहा अध्याय लिहून होतात तोच ते गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला, आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या ख्रिस्ताच्या नावानं घेतलेल्या बाप्तिस्म्यामुळे हे घर एकदा दुभंगलं होतं, त्याचंच चरित्र त्याच घरातल्या तिघांनी मिळून पुरं केलं. ओव्या सोप्या आहेत, मोठ्यानं म्हणता येतात. रोज जमणार नाही. रविवारी, जेव्हा लोकल गाठायची नसते आणि सगळे एका वेळी जेवायला बसतात, तेव्हा एक अध्याय सहज होतो.